हद्दीच्या दगडापासून दोनशे पावलं

जाळीवाली मावशीचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि तेच तिच्या मुळावर आलं.

शहरातून वाहत आलेला कालवा शहराबाहेर पडला की मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्यात शिरतो. बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी आहे. पाण्याबरोबर येणारं सगळं त्या जाळीवर येऊन थांबतं. शेवाळाचे गुंते, बाटल्या, चपला, मेलेली कुत्री, एकदा तर अख्खी खाट. आणि माणसं. ते लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढून काठावर घ्यायचं, ढकलगाडीत भरायचं आणि खड्ड्यात नेऊन टाकायचं, ही मावशीची नोकरी. माणसं तेवढी खड्ड्यात टाकायची नाहीत, त्यांच्यासाठी चौकीला फोन करायचा. आधी ही नोकरी नवऱ्याची होती. तो छातीत कळ येऊन काठावर बसल्या जागी गेला, तेव्हा कालवा खात्यानं त्याच्या जागी हिला घेतलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

लिहायला-वाचायला तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं, तेही नोंदवहीवर. "जाळीवर काही मोठं दिसलं की आधी लिहायचं, मग हात लावायचा," तो सांगायचा. "कोरड्या हातानं वही, ओल्या हातानं दाताळं. उलटं केलंस तर शाई फुटते आणि साहेब बोंबलत येतो." पानावर वर तारीख, खाली चारच रकाने. वेळ, जागा, काय, किती. "सकाळी सहा-वीस. जाळी. कुत्रा, एक." "दुपारी एक. जाळी. मुलगा, एक." सगळं एकाच शाईत, एकाच ओळीच्या उंचीत. दर शनिवारी खात्याचा शिपाई सायकलवरून येऊन भरलेली वही न्यायचा, कोरी द्यायचा. एकोणीस वर्षांत तिनं त्यात एक अक्षर खोटं लिहिलं नाही. याचा तिला गर्व होता. का नसावा? ज्यांनी पदव्या भिंतीवर टांगल्यात त्यांच्यातल्या किती जणांना हे सांगता येईल?

एका वर्षी कालवा दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद होता. तिला काम नव्हतं, म्हणून खात्याच्या कपाटातल्या सगळ्या वह्या काढून तिनं माणसं मोजली. एकशे बारा भरली. तिनं पुन्हा मोजली. पुन्हा एकशे बारा.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून ती नगरपालिकेत गेली.

मागणं काय होतं, तेवढं नीट ऐका, कारण पुढं सगळ्यांनी ते ऐकायचं सोडून बाकी सगळं ऐकलं. कालव्याच्या भिंती तिरक्या काँक्रीटच्या, आणि त्यांवर बुळबुळीत शेवाळ. पडलेला माणूस पोहणारा असला तरी वर येत नाही, हाताला धरायलाच काही नाही. तो भिंतीला हात लावत लावत वाहत जातो आणि दमून मरतो. तिला हवी होती दर पन्नास पावलांवर एक साखळी, काठावर ठोकून पाण्यात सोडलेली, आणि तिच्याशेजारी भिंतीत चार लोखंडी पायऱ्या. बस. पूल नको, पुतळा नको.

खिडकीतल्या कारकुनानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, आपल्या शहरात कालव्यात कुणी बुडत नाही."

"मग मी काय काढते? मासे?"

"तुम्ही काढता ते हद्दीबाहेर. हद्दीचा दगड तुमच्या जाळीच्या अलीकडे दोनशे पावलांवर आहे. जिथं सापडेल तिथली नोंद. आमच्या रकान्यात शून्य."

"अरे बाबा, पण पडतात कुठं? तुझ्याच गल्ल्यांतनं पडतात ना?"

"पडल्याची नोंद नसते मावशी, सापडल्याची असते." त्याला स्वतःचंच वाक्य आवडलं असावं, कारण त्यानं ते शेजारच्या टेबलाला पुन्हा ऐकवलं.

मावशी तिथून हलली नाही. बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी वैतागून अध्यक्षांनी तिला आत बोलावलं आणि शहराचा सुरक्षा आराखडा तिच्यापुढं टाकला. त्यांना वाटलं बाईला वाचता येत नाही. बाईनं तिथंच उभ्यानं तो वाचला. आगीचं त्यात होतं, कुत्रा चावण्याचं होतं, गच्चीवरून पडण्याचंसुद्धा होतं. बुडण्याचं नव्हतं. आणि सातव्या पानावर कलम होतं: एका वर्षात हद्दीत एकाच कारणाने पाच किंवा अधिक मृत्यू झाल्यास ते कारण आराखड्यात घ्यावे व उपाय करावेत.

"घ्यावे असं लिहिलंय," ती म्हणाली. "घेतलं तर चालेल असं नाही."

अध्यक्ष हसले. "बरोबर. पाच आणा बाई. मी सही करतो."

त्यानंतर तीन वर्षं काही झालं नाही. म्हणजे जाळीवर एकोणीस माणसं आली, पण कागदावर काही झालं नाही. चौथ्या वर्षी कालव्याला पाणी कमी सोडलं. पाण्याला ओढ नव्हती, म्हणून बुडालेली माणसं जाळीपर्यंत वाहत आलीच नाहीत. शहरातल्याच पुलाखालच्या गाळात रुतून राहिली. एक रंगारी, दोन शाळकरी भाऊ, एक फुलं विकणारी म्हातारी. चौघंही दगडाच्या अलीकडे. कारकुनाला नाइलाजानं शून्य खोडून चार लिहावं लागलं.

मावशी वर्ष संपायच्या महिनाभर आधी पुन्हा अध्यक्षांसमोर उभी राहिली. "चार झाले साहेब."

"अजून एक," अध्यक्ष म्हणाले. दुकानदार सुट्टे मागतो तसं म्हणाले.

इथून पुढं मावशीच्या मनात जे सुरू झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आपण सांगू, कारण न सांगून कुणाचंच भलं होणार नाही. ती वाट बघू लागली. कामावर जाताना पुलावर थांबून ती खाली गाळाकडे बघायची आणि काही नसलं की हिरमुसून पुढं निघायची. एकदा संध्याकाळी एक दारुडा कालव्याच्या कठड्यावरून झोकांड्या खात चालला होता. ती हाक मारायला तोंड उघडून उभी राहिली, आणि हाक बाहेर आली नाही. दारुडा सुखरूप पलीकडे गेला. मग तिनं त्याला अशा शिव्या घातल्या की त्याची उतरली. बिचाऱ्याला वाटलं, काळजीपोटी रागावतेय.

घरी तिच्याशिवाय दोनच माणसं. मुलगा सुतार, हाताला चांगला, तोंडानं मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. आणि सून. सून म्हणजे बोलण्याची चक्की. सासू-सुनेचं भांडण रोजचं, आणि त्यातलं निम्मं कपडे वाळत घालायच्या दोरावरून. मावशीला दोर अंगणात हवा होता, सुनेला गच्चीवर. सुनेनं नवा नायलॉनचा चांगला लांब दोर आणून गच्चीवर बांधला होता आणि मावशी तो रोज खालून बघून नाक मुरडायची.

दारुड्याला शिव्या घातल्या त्या रात्री जेवताना सून म्हणाली, "काय सासूबाई, अजून एकच कमी पडतंय ना?"

"जेव गप."

"नाही, म्हणजे एवढं अडलं असेल तर मीच मारते उडी. पण आधीच सांगते, मग भांडी तुम्ही घासायची. आणि दोर गच्चीवरच राहणार, माझी शेवटची इच्छा म्हणून."

मुलगा ताटातून मान वर न करता हसला. मावशीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. "जीभ बघ हिची. तुला कालवा तरी घेईल का? वाटेत काठाशीच भांडत बसशील."

वर्ष संपायला अकरा दिवस होते.

गल्लीच्या नळाला पाणी अर्धा तास यायचं. ते पिण्याला आणि स्वयंपाकालाच पुरायचं नाही. धुणं कालव्यावर. हद्दीच्या दगडाच्या पंचवीस-तीस पावलं अलीकडे काठ जरा सपाट होता, गल्लीतल्या सगळ्या बायका तिथंच धुवायच्या. पाणी स्वच्छ मिळावं म्हणून सून सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता जायची. त्या सकाळी ती बादली घेऊन गेली. मावशी नेहमीप्रमाणे थोड्या वेळानं पलीकडच्या रस्त्यानं जाळीवर गेली. खात्यानं दोन दिवसांपूर्वीच पाणी वाढवलं होतं. कालवा भरून चालला होता.

जाळीपाशी धुकं होतं. डाव्या बाजूच्या गजांना काहीतरी टेकलं होतं, लांबट, कपड्यातलं. मावशीनं ते पाहिलं आणि तिच्या मनात पहिला शब्द आला तो असा: वाया.

बाई होती. दगडाच्या पलीकडची. कामाची नाही.

तिनं पदराला हात पुसले, खोपटातून वही काढली, सवयीनं लिहिलं: "सकाळी सहा-दहा. जाळी. बाई, एक." शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. वही आत ठेवली. मग दाताळं घेतलं, दाते कमरेच्या कपड्यात अडकवले आणि ओढलं. अंग पालथं होतं. काठाशी आल्यावर तिनं ते सरळ केलं.

पुढचा काही वेळ ती काय करत होती ते तिला नंतर आठवलं नाही. तळवे सोलले होते, म्हणजे काँक्रीटवर आपटले असतील. गळा बसला होता, म्हणजे ओरडली असेल. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मोठ्या रस्त्यावरून मालाच्या गाड्या जात होत्या.

आणि मग एकोणीस वर्षं माणसं मोजणाऱ्या त्या डोक्यात हिशोब उभा राहिला. चार आणि एक. फक्त दोनशे पावलं.

तिनं ढकलगाडी उलटी करून आदल्या दिवशीचं शेवाळ आणि बाटल्या ओतून टाकल्या. सुनेला काखेत धरून उचललं, अर्धी आत घेतली, मग पाय आत घेतले. गाडी लहान, पाय बाहेर राहिले. एका पायात चप्पल नव्हती. काठाच्या पायवाटेवरून ती गाडी ढकलत निघाली. "चल," ती म्हणत होती. "चल बाई, थोडंच राहिलं." जिवंतपणी सुनेशी इतक्या मऊ आवाजात ती कधी बोलली नव्हती.

दगड ओलांडला. पंचवीसएक पावलांवर बादली दिसली, काठावर नीट ठेवलेली, आत पिळलेला शर्ट. आणि तिच्या शेजारी भिंतीवर, शेवाळात, बोटांच्या खुणा. पाच उभ्या रेघा, वरून खाली. त्यांच्या थोडं पुढं आणखी पाच. मग आणखी पाच. सून जाळीच्या दिशेनं वाहत गेली होती आणि प्रत्येक हातभर अंतरावर तिनं चढायचा प्रयत्न केला होता. मावशीनं त्या मोजल्या. सवयीनं मोजल्या. सतरा ठिकाणी. साखळी असती तर पहिल्याच वेळी लागली असती हाताला.

तिनं अंग पाण्याच्या कडेला ठेवलं, बादलीजवळ. गाडी परत नेली. मग चौकीला फोन केला, आणि मुलाला.

पंचनाम्यात जागा लिहिली गेली: हद्दीच्या दगडाच्या अलीकडे, धुण्याच्या काठाशी. "आधी कुणी हात लावला होता का?" चौकीवाल्यानं विचारलं. "मीच बाहेर घेतली," मावशी म्हणाली. तेवढं खरं होतं. नगरपालिकेच्या रकान्यात चाराचे पाच झाले.

गल्ली मात्र गल्लीसारखी वागली. जेवतानाचा विनोद मुलानं रडता रडता शेजारी सांगितला होता, तो दोन दिवसांत फिरून आला. बोलून दाखवलंन आणि करूनही दाखवलंन, असं बायका म्हणू लागल्या. मावशी एकेकीच्या दारात गेली. "सतरा वेळा चढायला बघत होती ती. ज्याला मरायचं तो सतरा वेळा चढतो का गं? चल, दाखवते." कुणी बघायला गेलं नाही. आठवड्यात शेवाळ पुन्हा भरून आलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आराखडा समितीची बैठक होती. अध्यक्ष, कारकून, कालवा खात्याचा अभियंता, आणि बाजूच्या खुर्च्यांवर मयताचे नातेवाईक म्हणून मावशी आणि मुलगा. कारकुनानं वाचलं, "कालव्यात बुडून, हद्दीत, पाच."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "खात्याची नोंदवही जोडलीय ना? पद्धत आहे म्हणून विचारतो."

अभियंत्यानं पिशवीतून वही काढली. शनिवारी शिपायानं नेलेली. त्यानं पान उलटलं, बोट फिरवलं, थांबला.

मावशीला तेव्हा आठवलं. त्याआधी एकदाही आठवलं नव्हतं. श्वास घेतल्याचं कुणाला आठवतं?

"सकाळी सहा-दहा," अभियंत्यानं वाचलं. "जाळी. बाई, एक."

मग कारकून म्हणाला, "अक्षर मावशींचंच आहे."

"दुसरी असेल," मावशी म्हणाली. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही धड जमलं नाही. "दुसरी कुणी बाई असेल ती."

"मग ती कुठंय?" अध्यक्षांनी विचारलं. अगदी सौम्यपणे विचारलं. "आणि असली तरी बाई, ती हद्दीबाहेरची."

"साहेब, बादली बघा. बादली दगडाच्या आत होती. शर्ट पिळलेला होता. ती पडली तुमच्या हद्दीत, मेली तुमच्या हद्दीत, सतरा वेळा..."

"बादली हद्दीत होती हे मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पण बादली मेलेली नाही."

कारकून हसला, मग मुलाकडे बघून खोकला.

अभियंता चांगला माणूस होता. काम नीट करणारा. म्हणून त्यानं विचारलं, "पण मग जाळीवरून तिथपर्यंत नेली कशी? वजन असतं हो."

उत्तर मुलानं शोधलं. तो लाकूड वाहणारा माणूस, वजन कशानं हलतं हे त्याला कळतं. त्यानं आईकडे वळून पाहिलं.

"गाडीतनं?"

मावशीनं मान खाली घातली.

"कचऱ्याच्या गाडीतनं, आई?"

"चार होते रे," ती म्हणाली. "एकच कमी होता."

तो उठला, खुर्ची जागेवर नीट लावली आणि निघून गेला. अध्यक्षांनी पाच खोडून चार केलं, शेजारी छोटी सही केली. उद्यापासून नवं वर्ष, रकान्यात शून्य. प्रेत हलवल्याबद्दल कालवा खात्यानं मावशीला सहा महिने कामावरून दूर केलं आणि ताकीद दिली. ताकिदीत लिहिलं होतं की तिच्या नोंदवहीच्या अचूकतेमुळेच प्रकार उघडकीस आला, याची खातं नोंद घेत आहे.

मुलगा घर सोडून गेला नाही. गेला असता तर बरं, असं तिला वाटायचं. तो तिथंच राहायचा, स्वतःचं शिजवायचा, तिच्यासमोरून असा जायचा, जणू ती खांब आहे. महिन्याभरानं एकदा तो गच्चीवरून खाली आला. हातात तो नायलॉनचा दोर, गुंडाळलेला. त्यानं तो तिच्या पायाशी टाकला.

"हा पण घे. तुझ्या उपयोगी पडेल. तिचं सगळंच पडतंय."

एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी दोर घेऊन धुण्याच्या काठावर गेली. कालव्याच्या त्या काठाला बांधायला झाड नाही, खांब नाही. एकच गोष्ट जमिनीत घट्ट रोवलेली होती. तिनं दोराचं टोक हद्दीच्या दगडाला तीन वेढे देऊन बांधलं, आणि दुसऱ्या टोकाचा फास पहिल्या आलेल्या बाईच्या कमरेत घातला.

"अगं बाई, हे काय मावशी? मी काय गाय आहे?"

"गाय पडली तर चार माणसं धावतात. धू तू."

बायका आधी हसल्या. मग पाळी लावू लागल्या. जी अगदी पाण्याशी बसेल तिच्या कमरेला दोर, बाकीच्या वर. मावशी दगडाशी बसून दोर हातात धरायची, मासे पकडणाऱ्यासारखी. दोन महिन्यांत एकीचा पाय सटकला. दोर ताणला, दगड हलला नाही. बाई वर आली, रडली, कपडे वाहून गेले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, आणि जिवंत राहिली. याची नोंद कुठंच झाली नाही. न मेलेल्यांना रकाना नाही.

तक्रार कुणी केली कळलं नाही. कारकून नोटीस घेऊन आला. सीमाचिन्हास दोर बांधून त्याचे नुकसान करणे, दंडपात्र.

"वाच मोठ्यानं," मावशी म्हणाली. "बायकांनाही कळू दे."

त्यानं वाचलं. मग खिशातून चाकू काढला. "माझा नाइलाज आहे मावशी. सोडा गाठ, नाहीतर कापावा लागेल."

"दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलंस का?"

दुसऱ्या टोकाला एक बाई वाकून चादर पिळत होती. कारकून थांबला, ती वर येईपर्यंत थांबला, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. मग त्यानं दोर दगडाच्या गाठीपाशी कापला, नोटीस दगडावर चिकटवली आणि गेला.

मावशीनं उरलेला दोर पुन्हा बांधला. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा कापला. तिनं पुन्हा बांधला. दर वेळी गाठीएवढा दोर जातो, हातभर. नव्या वर्षाच्या रकान्यात अजून शून्य आहे. जाळीवर आता तिच्या जागी दुसरा माणूस आहे, त्याला विचारलं तर तो बोटं दाखवतो, तीन.

रोज सकाळी मावशी दोर दगडापासून धुण्याच्या काठापर्यंत ताणून बघते. अजून पोचतो. आणखी सहा वेळा कापला तर पोचणार नाही.